गाडीची बॅटरी उतरली की संपली? बदलायची वेळ ओळखण्याची पद्धत

सकाळी गाडी सुरू झाली नाही की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, ‘बॅटरी गेली’. पुष्कळदा ती गेलेली नसते, नुसती उतरलेली असते. रात्रभर आतला दिवा चालू राहिला, गाडी महिनाभर जागची हलली नाही, टर्मिनल सैल झालं, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करेनासा झाला, कारण यातलं कुठलंही असो, सेल्फ मारल्यावर ऐकू येणारा आवाज सारखाच असतो. उतरलेली बॅटरी नीट चार्ज केली की पुन्हा कामाला लागते. संपलेली कितीही चार्ज करा, दोन दिवसांत परत आडवी होते. नव्यानं गाडी घेतलेल्यांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही, म्हणून एकाची चांगली बॅटरी भंगारात जाते आणि दुसरा मेलेल्या बॅटरीवर लांबच्या प्रवासाला निघतो.

हा फरक घरच्या घरी ओळखता येतो. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, डोळ्यांवर लावायला चष्मा, रबरी हातमोजे आणि आकडे टिपून ठेवायला एक वही लागते. बॅटरी चार्जर स्वतःचा किंवा उसना मिळाला तर निदान जवळपास पक्कं होतं.

आत नेमकं काय झिजतं

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. सेलमध्ये शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा असतात, त्यांच्या अवतीभवती पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली जाते तसतसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज करताना ते परत विरघळतं. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये अशी पहिली बॅटरी बनवली. तिच्यात पुढे खूप सुधारणा झाल्या, पण मूळ रसायन तेच राहिलं. त्यामुळेच पुढे दिलेले व्होल्टेजचे आकडे कुठल्याही कंपनीच्या शिसे-ॲसिड बॅटरीला लागू पडतात.

ही बॅटरी तीन प्रकारांनी म्हातारी होते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती बरेच दिवस पडून राहिली की सल्फेटचे बारीक कण घट्ट खड्यांसारखे होतात आणि चार्ज करूनही विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटची जाळी आतून गंजत जाणं. तिसरा, हादऱ्यांनी प्लेटवरचा लगदा सुटून तळाशी साचणं. पहिला प्रकार वेळेत लक्षात आला तर थोडाफार सावरता येतो. उरलेल्या दोन्हींवर इलाज नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. बॅटऱ्या थंडीत बंद पडतात म्हणून थंडी त्यांना मारते असं वाटतं. खरं नुकसान उष्णता करते. तापमान दर १० अंश सेल्सिअसनं वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, तसा जाळीचा गंजही वाढतो आणि पाणीही उडतं. थंडी फक्त ते उघडं पाडते. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यानं सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून बॅटरीची तपासणी कडक उन्हाळा सरल्यावर, थंडी सुरू होण्याआधी करावी.

पायरी १ : जन्मतारीख शोधा

बॅटरीच्या झाकणावर किंवा बाजूला तारखेचा शिक्का, स्टिकर किंवा कोरलेला कोड असतो. काही कंपन्या सरळ महिना आणि वर्ष छापतात. काही महिन्यासाठी अक्षर वापरतात, म्हणजे ‘ए’ जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, आणि पुढचा आकडा वर्षाचा. कोड उलगडला नाही तर वॉरंटी कार्ड किंवा खरेदीची पावती पाहा.

साधारण आयुष्य ३ ते ५ वर्षं. उष्ण हवेत ते ३ च्या आसपास येतं. पण वय झालं म्हणून बॅटरी बदलू नका. तिसरं वर्ष उलटलं की दर सहा महिन्यांनी तपासायचं, वयाचा उपयोग एवढाच. रोज तासभर चालणाऱ्या गाडीत सहा वर्षं टिकलेली बॅटरी मी पाहिली आहे, आणि रोज पाच मिनिटं चालणाऱ्या गाडीत दोन वर्षांत संपलेलीही. छोट्या फेऱ्या बॅटरीला फार महाग पडतात. सेल्फनं घेतलेलं परत भरून निघायच्या आत इंजिन बंद होतं, आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

पायरी २ : हात लावण्याआधी पाहा

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीनं पेटतो. म्हणून जवळ सिगारेट, लायटर काहीही नको. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून डॉक्टरकडे जा.

बॅटरीच्या भिंती फुगल्या असतील, कुठे तडा गेला असेल, ओल झिरपत असेल किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढची एकही पायरी करू नका. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, तिला जंप स्टार्टही (दुसऱ्या बॅटरीला केबलनं जोडून) द्यायचा नाही. ती बदलायचीच, आणि बदलण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्यायचा, कारण फुगण्यामागे आणि वासामागे बहुधा जास्तीचं चार्जिंग असतं.

टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या पावडरीला मात्र घाबरू नका. ती बॅटरी संपल्याची खूण नाही. पण त्या थरामुळे करंट अडतो आणि चांगली बॅटरी मेल्यासारखी वागते. क्लॅम्प काढा, पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, क्लॅम्प परत घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. क्लॅम्प हातानं फिरत असेल तर दोष कदाचित तिथेच संपतो.

काही बॅटऱ्यांवर रंग दाखवणारा छोटा डोळा असतो, हिरवा म्हणजे ठीक. त्याच्यावर विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो.

पायरी ३ : आवाज ऐका

सेल्फचा नेहमीचा आवाज तुमच्या ओळखीचा होतो. तो जड, लांबलेला वाटू लागला, विशेषतः सकाळच्या पहिल्या सुरुवातीला, तर ते पहिलं लक्षण. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले, तर बॅटरीत जोर नाही किंवा जोडणी सैल आहे. एकच जोराचा ‘टक’ होऊन सगळं शांत झालं, तर संशय सेल्फवर घ्या. खात्रीसाठी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर बॅटरी किंवा जोडणी कमजोर, दिवे तेवढेच प्रखर राहिले आणि इंजिन हललंच नाही तर सेल्फ किंवा त्याची वायरिंग.

आजच्या गाड्यांमध्ये एक अडचण आहे. इंजिन अर्ध्या-एका सेकंदात सुरू होतं, त्यामुळे बॅटरी खंगत चालल्याचं कानाला कळत नाही आणि ती एक दिवस अचानक दगा देते. अशा गाडीत इतर खुणा पाहाव्या लागतात. सेल्फ मारताना घड्याळ शून्यावर येणं, स्क्रीन बंद पडून पुन्हा सुरू होणं, एकाच वेळी तीन-चार असंबद्ध वॉर्निंग दिवे लागणं, काचा संथ वर जाणं. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन अलीकडे बंद होईनासं झालं असेल तर तीही बारीक, पण उपयोगी खूण आहे, कारण बॅटरी कमी असेल तर गाडीचा संगणक ती सोय स्वतःहून थांबवतो.

बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिथे सेल्फचा आवाज नसल्यानं सगळी भिस्त मीटरवर.

पायरी ४ : मल्टिमीटरची तीन रीडिंग

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. तिन्ही रीडिंग तारखेसकट वहीत लिहा.

*विश्रांतीतलं रीडिंग.* गाडी किमान सहा-आठ तास बंद असावी. नुकतीच चालवलेली असेल तर प्लेटांवर तात्पुरता वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फसवा येतो. थांबणं शक्यच नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटांनी मोजा. आणखी एक गोष्ट, बोनेट उघडल्यावर लगेच मोजू नका. दरवाजा उघडताच गाडीतले संगणक जागे होतात. पंधरा मिनिटं जाऊ द्या.

१२.६ किंवा जास्त : पूर्ण भरलेली
१२.४ : सुमारे पाऊण
१२.२ : निम्मी
१२.० : पाव
११.९ किंवा कमी : जवळजवळ रिकामी

एजीएम प्रकारची बॅटरी (हिच्यात ॲसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं) पूर्ण भरलेली असताना थोडा जास्त, १२.८ च्या आसपास आकडा दाखवते. साध्या बॅटरीत चार्ज केल्यानंतरही १०.५ च्या जवळ आकडा अडकून बसला असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. अशा बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

या रीडिंगची मर्यादा नीट लक्षात घ्या. हंडा काठोकाठ भरलाय हे त्यावरून कळतं, पण हंड्यात अर्ध्यापर्यंत गाळ साचलाय हे कळत नाही. १२.६ दाखवणारी बॅटरीही सेल्फ मारताच कोसळू शकते. म्हणून दुसरं रीडिंग हवं.

*सेल्फ मारतानाचं रीडिंग.* दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवरचा सर्वांत कमी आकडा टिपा. मीटरवर किमान आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर काम सोपं होतं, कारण साधा मीटर इतक्या झटक्यात बदलत नाही. बेताच्या हवेत निरोगी बॅटरी १० च्या वर राहते. बॅटरी पूर्ण चार्ज असूनही आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर ती शेवटाकडे आली आहे. गॅरेजमध्ये लोड टेस्ट करतात तिथेही हाच ९.६ चा उंबरठा वापरतात, फक्त भार ठरावीक आणि पंधरा सेकंद टिकवलेला असतो.

*इंजिन चालू असतानाचं रीडिंग.* हे बॅटरीचं नव्हे, अल्टरनेटरचं रीडिंग आहे. साधारण १३.८ ते १४.७ यायला हवं. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून, इंजिन थोडं रेज करूनही १३ च्या आसपासच रेंगाळत असेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीही आठवडाभरात उतरेल. सतत १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटर बॅटरीला उकळवतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून एका आकड्यावरून निकाल देऊ नका, पाच-दहा मिनिटं पाहत राहा.

पायरी ५ : पूर्ण चार्ज करून पुन्हा परीक्षा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे टाळतात. उतरलेल्या बॅटरीवरून तिच्या तब्येतीचा अंदाज करता येत नाही. गाडी अर्धा तास फिरवून आणणं म्हणजे पूर्ण चार्ज नव्हे. खोल उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात आणि ते अल्टरनेटरचं काम नाही, त्याच्यावर उगाच ताण येतो.

चार्जर लावताना करंट क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका ठेवा. बॅटरीवर ४५ एएच (अँपिअर-तास, म्हणजेच क्षमता) लिहिलं असेल तर चार-साडेचार अँपिअर, आणि रात्रभर. जागा हवेशीर हवी. चार्जरची टोकं लावायची आणि काढायची ती चार्जर बंद असताना.

मग चार्जर काढा, निगेटिव्ह केबल सोडून ठेवा आणि बॅटरी बारा तास तशीच राहू द्या. मोजा. आणखी चोवीस तासांनी परत मोजा.

दोन्ही वेळा १२.६ च्या आसपास राहिली आणि सेल्फ मारतानाही १० च्या वर टिकली, तर बॅटरी ठणठणीत आहे आणि तिला दुसरं काहीतरी उतरवतंय. काहीही जोडलेलं नसताना १२.३ किंवा खाली घसरली, तर तिच्यात साठवायची ताकद उरलेली नाही. चार्ज करताना अर्ध्या तासातच ‘फुल’ दाखवून नंतर लगेच कोसळणं किंवा चार्जिंगला हाताला चटका बसेल इतकी तापणं, यांचा अर्थही तोच.

बूच उघडता येणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो. पूर्ण चार्जला विशिष्ट घनता १.२६५ च्या जवळ येते. सगळे सेल सारखेच कमी असतील तर चार्ज अपुरा. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० किंवा जास्त मागे असेल तर तो सेल गेला, पर्यायानं बॅटरी गेली. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही आणि नळाचं पाणीही नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घालून चार्ज करा, पातळी पूर्ण करायची ती चार्ज झाल्यावर.

पायरी ६ : चोर दुसराच असेल तर

माझ्या पहिल्या गाडीत मी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही चांगल्या होत्या. डिकीचं झाकण लावल्यावरही आतला दिवा विझत नव्हता, आणि बंद डिकीत तो पेटलेला दिसणार तरी कुणाला? तेव्हापासून बॅटरीला दोष देण्याआधी मी बंद गाडीतली करंटची गळती मोजतो.

गाडी बंद, चावी बाहेर, दरवाजे बंद. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत. निगेटिव्ह केबल काढून ती केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मधोमध मीटर जोडा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गाडीतले संगणक झोपी जायला अर्धा ते एक तास लागतो, तोवर आकडा मोठाच दिसेल. शेवटी तो ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून काढा, ज्यानं आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बाहेरून बसवलेला कॅमेरा, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम यांच्यापासून सुरुवात करा.

५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६ एएच. ४५ एएचची निरोगी बॅटरीही महिनाभर उभ्या गाडीत जवळजवळ रिकामी होते, यात कुणाचाच दोष नाही. गाडी लांब मुदतीसाठी उभी करताना निगेटिव्ह केबल सोडून ठेवा.

मग बदलायची कधी

फुगलेली, गळणारी, एक सेल मेलेली किंवा पूर्ण चार्ज करूनही चोवीस तास न टिकणारी बॅटरी आजच बदला. पूर्ण चार्जवर सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी या आठवड्यात. वय चार वर्षांच्या पुढे आणि वहीतलं सेल्फचं रीडिंग दर तपासणीला उतरत चाललंय, समजा १०.६, मग १०.२, मग ९.९, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी बदला. गॅरेजमधल्या टेस्टरनं सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फला देता येणारा करंट, मोजून दिला तर तो बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. पूर्ण चार्ज असताना तो दोन तृतीयांशाच्या खाली असेल तर मी वाट पाहत नाही. चार्ज न करता घेतलेल्या रीडिंगवरून कुणी बॅटरी बदलायला सांगत असेल तर आधी चार्ज करून पुन्हा मोजायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

एकदाच उतरली, कारण सापडलं, चार्ज केल्यावर तिन्ही रीडिंग चांगली आली, तर बदलू नका.

नवी घेताना आणि बसवताना

आकार, पॉझिटिव्ह टर्मिनलची बाजू, एएच आणि सीसीए हे गाडीच्या पुस्तिकेतून पाहून घ्या. सीसीए सांगितल्यापेक्षा कमी नको. गाडीत मुळात एजीएम बॅटरी असेल तर एजीएमच बसवा, साधी बसवली तर ती लवकर संपते. दुकानातच उत्पादनाची तारीख पाहा आणि मीटर लावा. तीन महिन्यांच्या आतली आणि १२.५ च्या वर असलेली घ्या, कारण बॅटरी दुकानात पडून राहिली तरी म्हातारी होतच असते.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. बॅटरी आडवी करू नका, कंबर जपून उचला, ती चांगलीच जड असते. खालचा पकडपट्टा घट्ट आवळा, नाहीतर हादऱ्यांनी प्लेटा वेळेआधी झडतील. क्लॅम्प हातोडीनं ठोकून बसवू नका. घड्याळ, काचांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागेल. काही गाड्यांत नवी बॅटरी संगणकाला कळवावी लागते, ते आधी विचारून घ्या. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच परत द्या. तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, आणि ॲसिड नाल्यात किंवा मातीत जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, नव्या बॅटरीची तिन्ही रीडिंग घ्या आणि बसवल्याची तारीख मार्करनं तिच्या झाकणावर लिहा.